चांदव्याची मादी कुणी बघितली का?

पावसाचा जोर ओसरून चवथ जवळ आली की आमच्या गोव्यातल्या डिचोली भागात सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, छोटा चांदवा हे फुलपाखरू दिसायला लागतं, आणि मग दोन-अडीच महिने फोनवर त्याचेच फोटो येत राहतात. काळेभोर पंख, त्यावर मोठे पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या कडेला जांभळी-निळी झळाळी. इंग्रजीत याला डॅनेड एगफ्लाय म्हणतात. फोटो खरंच सुंदर असतात, मी बरेचसे सेव्हही करून ठेवते. पण त्या सगळ्या फोटोंत एक गोष्ट मला दरवर्षी खटकते ती म्हणजे सगळे नर असतात, मादी जवळजवळ नसतेच. आणि ती नसते कारण ती दिसत नाही असं नाहीये, ती दिसते, अगदी अंगणात पण येते, फक्त लोक तिला प्लेन टायगर नावाचं दुसरंच फुलपाखरू समजून कॅमेरा खाली घेतात. 'तो काय, नेहमीचाच.' आज मला तिच्याबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या मते या जातीची अर्धी नाही तर अर्ध्याहून जास्त गोष्ट तिच्याकडे आहे.

तरी आधी नराचं सांगते, त्याचे रंग नीट समजून घेण्यासारखे आहेत. पंख पूर्ण पसरले तर सात ते साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे बऱ्यापैकी मोठं फुलपाखरू. वरची बाजू मखमली काळी. पुढच्या प्रत्येक पंखावर मध्यभागी एक मोठा लांबट पांढरा ठिपका, टोकाजवळ एक छोटा, आणि मागच्या प्रत्येक पंखावर एक मोठा गोल. या ठिपक्यांच्या भोवती जी जांभळट निळी झाक असते ती प्रत्येक वेळी दिसतेच असं नाही, तुम्ही कुठे उभे आहात आणि ऊन कुठून येतंय यावर सगळं आहे. काळा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो त्यामुळे तो कुठूनही बघा, काळाच. जांभळा मात्र रंगद्रव्याचा नाहीच, पंखांवरच्या बारीक खवल्यांवर डोळ्यांना न दिसणारे कंगोरे असतात, त्या कंगोऱ्यांत पातळ थर असतात आणि त्या थरांवरून परत फिरणारा प्रकाश ठराविक कोनातूनच तो रंग दाखवतो. धूपछांव साडीचा पदर हलवला की दुसरा रंग वर येतो ना, बघणाऱ्याला तसंच वाटतं. त्यामुळे एकाच जागी उभं राहून दहा फोटो काढलेत तर दहाही काळे-पांढरे येतील, आणि दोन पावलं बाजूला सरकलात की एकदम जांभळं फुलतं. आणि पंख मिटले की तो परत वेगळाच, खालची बाजू विटकरी तपकिरी आणि तिच्यावर रुंद पांढरे डाग.

नराची सवय पण फोटोवाल्यांच्या सोयीची आहे. सकाळी ऊन चढायला लागलं की तो सड्यावरच्या एखाद्या उंचवट्यावर, जांभ्या दगडावर किंवा बुटक्या झुडपाच्या शेंड्यावर पंख उघडून बसतो आणि समोरून जे काही उडत जाईल त्याच्या मागे सुटतो. दुसरा नर असेल तर दोघं गरगर फिरत वर जातात, चतुर असेल तर त्यालाही हाकलतो, आणि परत त्याच दगडावर येऊन बसतो. एकदा जागा कळली की आपण शांतपणे बसून राहायचं, तो येणारच. मादी अशी एका जागी बसत नाही, तिला जमिनीलगत हिंडून अंडी घालायची झाडं शोधायची असतात. त्यामुळे तिच्यामागे फिरावं लागतं, वाकावं लागतं, आणि मुळात ती कोण आहे हे ओळखावं लागतं.

आता मादी. नराशेजारी ठेवली तर कुणीही शपथेवर सांगेल की ही वेगळी जात आहे. नारिंगी-पिवळसर तपकिरी पंख, पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात एक तिरका पांढरा पट्टा. ना ते गोल पांढरे ठिपके, ना जांभळी झाक. हा सगळा वेश प्लेन टायगरचा आहे, आपल्याकडे रुईवर जो अंडी घालतो तो, रस्त्याच्या कडेला, माळावर, बांधकामाच्या जागेवर, कुठेही आरामात उडताना दिसणारा. हुबेहूब हा शब्द आपण फार सहज वापरतो पण इथे तो खरा आहे. उडायची पद्धतसुद्धा तीच, सावकाश, जमिनीपासून फार वर नाही, कसलीच घाई नसल्यासारखी.

प्लेन टायगरला घाई का नसते तर त्याला कुणी सहसा खात नाही. त्याच्या अळ्या रुईची पानं खातात आणि रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, ती अळीच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखराच्या अंगातही राहतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस हे आपल्याकडे प्रत्येक पोराला ऐकवलेलं असतं, त्याच चिकाचं हे काम. एखाद्या नवख्या पक्ष्याने, समजा कोतवालाच्या पिल्लाने, ते चाखून बघितलं तर तोंड खराब होतं, कधी उलटीही होते, आणि तो नारिंगी-काळा-पांढरा नमुना डोक्यात पक्का बसतो. शिवाय हे फुलपाखरू अंगाने चिवट असतं, चोचीत धरून सोडून दिलं तरी बऱ्याचदा उडून जातं. म्हणजे त्याचा रंग ही उघड उघड दिलेली सूचना आहे. हे फुलपाखरू माणसांच्या नजरेतही फार जुनं आहे बरं का, इजिप्तमधल्या सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रांत ते रंगवलेलं सापडतं.

चांदव्याच्या मादीच्या अंगात असलं काही विष नाही. ती फक्त तो रंग घालते. ज्या पक्ष्याने एकदा कडू धडा घेतलाय तो तिला बघूनही तोंड फिरवतो. या प्रकाराला बेट्सियन मिमिक्री म्हणतात, हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या नावावरून, ॲमेझॉनच्या जंगलात बरीच वर्षं काढून आल्यावर त्याने १८६२ मध्ये ही कल्पना मांडली. कल्पना चांगली होती पण पक्षी खरंच असं शिकतात का हे प्रयोगाने दाखवायला पुढे बराच काळ गेला. अमेरिकेत जेन व्हॅन झँड्ट ब्रॉवर यांनी १९५८ मध्ये पिंजऱ्यातल्या 'जे' नावाच्या पक्ष्यांना आधी मोनार्क फुलपाखरं दिली, हा मोनार्क म्हणजे आपल्या प्लेन टायगरचाच नातेवाईक, आणि नंतर मोनार्कसारखी दिसणारी व्हाइसरॉय दिली, तर मोनार्कची चव कळलेले पक्षी व्हाइसरॉयलाही शिवेनात.

ओळखायचं कसं हे मी जरा सविस्तर लिहिते कारण मला सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. पुढच्या पंखाकडे बघूच नका, तिथे नक्कल इतकी पक्की आहे की तुमचा वेळ जाईल. मागच्या पंखाकडे बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात ठळक काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार, नराचा तो चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी. चांदव्याच्या मादीच्या मागच्या पंखावर मध्यभागी असं काहीच नसतं, स्वच्छ नारिंगी पंख, फक्त वरच्या कडेला एक काळा ठिपका. आणि हा ठिपका बऱ्याचदा पुढच्या पंखाखाली झाकला जातो म्हणून तो शोधत बसण्यापेक्षा मधले ठिपके नाहीत हे बघणं सोपं. दुसरी खूण मागच्या पंखाच्या कडेला. प्लेन टायगरची काळी किनार आणि तिच्यात पांढरे टिंब टिंब. चांदव्याच्या मादीची किनार नागमोडी, आणि टिंबांच्या जागी पांढऱ्या बारीक चंद्रकोरीसारख्या रेघा. मोबाइलवर काढलेला साधा फोटो झूम केला तरी हे कळतं, त्याला मोठी लेन्स लागत नाही. तिसरी गोष्ट फोटोत येत नाही पण प्रत्यक्ष दिसते. तिला अचानक दचकवलं, आपली सावली पडली किंवा पक्षी झेपावला, की तिचं ते संथ उडणं क्षणात संपतं आणि ती सरळ रेषेत भन्नाट वेगाने पळते. प्लेन टायगर असा सहसा पळत नाही. ज्या क्षणी ती घाबरते त्या क्षणी ती तिच्या स्वतःच्या जातीसारखी उडते, आणि मला तो क्षण फार आवडतो.

मग प्रश्न असा की एवढी चांगली युक्ती आहे तर नराने का नाही घेतली?

याच्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ चर्चा चाललीये आणि मोठी मोठी माणसं त्यात आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेसचं म्हणणं साधारण असं की मादीला संरक्षणाची गरज जास्त असते. तिच्या पोटात अंडी असतात, त्यामुळे ती जड असते, आणि झाड शोधत झाडाझाडाशी हळूहळू उडत थांबावं लागतं, म्हणजे पक्ष्याला आयतीच सापडते. नराचं तसं नाही. डार्विनला यात दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटत होती, ती म्हणजे मादीची निवड. मादी आपल्या जातीचा नर त्याच्या जुन्या रंगावरून ओळखत असेल, पसंत करत असेल, तर रंग बदललेल्या नराला जोडीदार मिळणारच नाही, मग पक्ष्यांपासून वाचून तरी काय उपयोग. मला विचाराल तर दोन्ही खरं असावं, एकाने दुसऱ्याला खोडायची गरज नाही. वॉलेसच्या बाजूने नंतर पुरावाही आला, १९९५ मध्ये ओसाकी या जपानी संशोधकाने फुलपाखरांच्या पंखांवरच्या चोचीच्या खुणा मोजून दाखवलं की पक्षी नरांपेक्षा माद्यांवर जास्त हल्ले करतात. आणि नराच्या त्या झळाळीचं काम काय हे चांदव्याच्या मोठ्या भावंडात, म्हणजे ग्रेट एगफ्लायमध्ये, तपासलं गेलंय. तिथे नराच्या पंखावरची झळाळी आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातही असते आणि मादी ती बघते, जास्त उजळ नर तिला जास्त पटतो.

आणखी एक हिशोब आहे जो मला स्वतःला खूप उशिरा कुणीतरी समजावला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नक्कल तेव्हाच चालते जेव्हा खऱ्या कडू फुलपाखरांची संख्या नकली फुलपाखरांपेक्षा बरीच जास्त असते. समजा सड्यावर नकलीच जास्त झाली तर नवख्या पक्ष्याला पहिल्यांदा जे मिळेल ते गोड लागेल, आणि मग तो रंग म्हणजे खाऊ असंच तो शिकेल, आणि त्यात खऱ्या प्लेन टायगरचाही बळी जाईल. आता जर फक्त माद्याच नक्कल करत असतील तर नकलींची संख्या आपोआप निम्मी होते. म्हणजे नर काळा राहतो यात मादीचाही फायदा आहे. कुणी ठरवून केलेलं नाही हे, पण जमून आलंय इतकं सुंदर की बस.

यातून एक अडचण मात्र उभी राहते ती नराची. त्याची बायको दुसऱ्याच जातीसारखी दिसते, मग त्याला ती कळते कशी? सड्यावर थोडा वेळ बसलात तर बघायला मिळेल की नर प्लेन टायगरच्या मागेही जातो, थोडं अंतर जातो, जवळ पोचतो आणि सोडून देतो. म्हणजे लांबून रंग बघून निघायचं आणि जवळ गेल्यावर खात्री करायची असं चाललेलं असतं. स्ट्राइड नावाच्या संशोधकाने आफ्रिकेत याच जातीवर प्रयोग केले होते, १९५६ मध्ये ते छापून आले. त्यात दिसलं की नराला खेचून नेतो तो मादीचा तांबूस-तपकिरी रंग, आणि मागच्या पंखावर पांढरं असेल तर तो बिचकतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण मादीची सगळीच रूपं सारखी नसतात. प्लेन टायगरचेच जगात वेगवेगळे प्रकार आहेत, काहींचा मागचा पंख पांढरा, काहींच्या पुढच्या पंखाचं टोक काळं नसतंच, सगळा नारिंगी. आणि चांदव्याच्या माद्यांतही या प्रत्येकाची नक्कल करणारी रूपं आहेत. पांढऱ्या मागच्या पंखाची मादी पक्ष्यांपासून वाचायला चांगली असेल पण तिला नर कमी उत्साहाने भेटतो. दोन्हीकडून ओढाताण. तिच्या रंगावर पक्ष्याची नजर आहे आणि नराचीही आहे, आणि दोघांना हवंय ते वेगवेगळं.

आता घोळ. म्हणजे आपली घोळीची भाजी, पावसात अंगणात, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या मेरेवर, कुंडीत, कुठेही उगवणारी, लाल देठाची, आंबटसर. छोट्या चांदव्याच्या अळीचं हे मुख्य खाणं. मला सांगायला आनंद होतो की या फुलपाखरासाठी अभयारण्यात जायची गरज नाही. म्हादई, बोंडला, नेत्रावळी सगळं आहेच, जरूर जा, पण चांदवा बघायला परसातली ओलसर मोकळी जागा आणि चार घोळीची रोपं पुरतात. मादी खाली जमिनीलगत येते, पानावर क्षणभर टेकते, उडते, परत टेकते. ती पुढच्या आखूड पायांनी पान चाचपून चव घेत असते, पायांनी चव घेतात ही फुलपाखरं, आणि पान बरोबर वाटलं तर पोट वळवून खालच्या बाजूला अंडं चिकटवते. काही दिवसांत अळी निघते. मोठी झालेली अळी काळपट, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे, डोकं तांबूस आणि त्यावर दोन काटेरी शिंगं. दिसायला भयंकर पण काही करत नाही. कोष तपकिरी, उलटा टांगलेला.

शेजारच्या काकींशी माझं यावरून दरवर्षी बोलणं होतं. परवा पण त्या घोळ खुडत होत्या आणि मी कडेला उकिडवी बसलेली.

"काय गो, काय बघतेस एवढं?"

"काकी, हा कोपरा राहू दे ना जरा. अळ्या आहेत."

"अळ्या आहेत म्हणूनच तर काढते मी. ह्या काटेरी अळ्या चावतात बाई."

"नाही चावत. ते काळं-पांढरं फुलपाखरू येतं बघ पाटावर, जांभळं चमकतं ते. त्याची पोरं ही."

काकींनी थोडं वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "त्याची पोरं कशी असतील? इथे तर ते पिवळं येतं घिरट्या घालायला. मी रोज बघते."

मला इतका आनंद झाला ना! कारण एकही पुस्तक न उघडता काकींनी अर्धं काम केलेलं होतं, घोळीवर येते ती नारिंगी, हे त्यांना माहीत होतं. प्लेन टायगर घोळीवर अंडी घालत नाही, तो रुईवर जातो. म्हणजे नारिंगी फुलपाखरू घोळीभोवती घुटमळताना दिसलं तर मागचा पंख बघायच्या आधीच तुम्ही नव्वद टक्के पोचलात. मी त्यांना फोनवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि तो कोपरा त्यांनी ठेवला. भाजी दुसऱ्या बाजूची नेली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काळजी वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या फुलपाखराचं नाव घातलं गेलं, म्हणजे कागदावर त्याला मोठं संरक्षण मिळालं. पण घोळीला कुठलं संरक्षण? ती तण आहे. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, नवीन बंगल्यांच्या आवारात पावसानंतर तणनाशक मारायची पद्धत गेल्या काही वर्षांत वाढलीये, आठवड्यात सगळं पिवळं पडतं आणि लोक म्हणतात किती स्वच्छ दिसतंय. नंतर तिथे पेव्हर टाकतात. आणि सडे तर पडीक म्हणूनच धरले जातात, तिथे माती नाही, झाड नाही, मग कशाला हवेत. सप्टेंबरमध्ये एकदा सकाळी सड्यावर येऊन उभं राहा आणि मग पडीक म्हणा. पायाखाली इंचभर माती नसते आणि त्यावर जांभळी, पिवळी, पांढरी इवली इवली फुलं दूरवर पसरलेली असतात, खळग्यांत साठलेलं पाणी असतं आणि त्या दगडांवर ही काळी फुलपाखरं आपापली जागा धरून बसलेली असतात. झाड नसलेली जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे हे मी भेटेल त्याला सांगते आणि सांगत राहणार. रुई पण तशीच. रुई तोडली तर प्लेन टायगर कमी होणार, आणि प्लेन टायगर कमी झाला की वरचा हिशोब आठवा, चांदव्याच्या मादीचा वेश कामाचा राहत नाही. एक झाड तोडलं की दोन जातींना लागतं, त्यातली एक त्या झाडाला कधी शिवतही नाही.

ग्रेट एगफ्लायचा उल्लेख वर केला, आपल्याकडे त्याला मोठा चांदवा म्हणतात. तो छोट्यापेक्षा सावलीत जास्त, कुळागरांत, ओढ्याकाठी. त्याचा नर छोट्या चांदव्याच्या नराशी मिळताजुळता आणि त्याची मादी इथे कॉमन क्रो या गडद तपकिरी कडू फुलपाखराची नक्कल करते. म्हणजे दोन भावंडांचे नर सारखे आणि माद्यांनी वेगवेगळे वेश घेतलेले. या मोठ्या चांदव्याबद्दल एक गोष्ट आहे जी मी वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर वोल्बाकिया नावाचा जीवाणू या फुलपाखरांत पसरला होता. तो आईकडून पिल्लांत जातो आणि नर गर्भ अंड्यातच मारून टाकतो. २००१ मध्ये मोजलं तेव्हा तिथे नर उरले होते जेमतेम एक टक्का. एक टक्का! शंभरात नव्याण्णव माद्या. आणि २००६ मध्ये परत मोजलं तर नर जवळपास चाळीस टक्के. जीवाणू तिथेच होता, गेला नव्हता, पण फुलपाखरांत त्याला दाबून टाकणारा जनुक पसरला होता, साधारण दहा पिढ्यांत. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला लाखो वर्षं डोळ्यांसमोर येतात, आणि इथे पाच-सहा वर्षांत माणसांच्या डोळ्यांदेखत झालंय.

आणि ज्यांच्या घरी सडा नाही, घोळ नाही, त्यांच्यासाठी कढीपत्ता आणि लिंबू आहेच. त्यावर येणारं फुलपाखरू म्हणजे कॉमन मॉर्मन. पणजीच्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावरही त्याच्या अळ्या होतात. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. माद्यांची मात्र आपल्याकडे तीन रूपं, एक नरासारखीच, एक कॉमन रोझची नक्कल करणारी आणि एक क्रिमसन रोझची. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ दोन्ही विषारी वेलीवर वाढलेली, लाल अंगाची. लिनियसने १७५८ मध्ये याच एका जातीला पोलिटिस आणि पॅमन अशी दोन नावं दिली होती, नर-मादी एकाच घरचे आहेत हे कळायला वॉलेसपर्यंत थांबावं लागलं. आणि ही रूपं ठरतात कशी याचं उत्तर आपल्या माणसाने शोधलंय, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की डबलसेक्स नावाचा एकच जनुक हे करतो. हा तोच जनुक जो कीटकांत नर कसा घडायचा आणि मादी कशी घडायची हे ठरवतो. त्याचाच एक बदललेला प्रकार मादीत नकलेचा रंग आणतो, नरात तो असला तरी काही करत नाही. म्हणजे बाप आपल्या मुलीला असा वेश देऊ शकतो जो त्याने स्वतः कधी घातलेला नाही. त्यामुळे एकाच लिंबाच्या झाडावर, एकाच आईच्या अंड्यांतून, वेगवेगळ्या रूपाच्या बहिणी निघू शकतात. घरी मुलं असतील तर अळी जाळीच्या डब्यात वाढवून बघा, रोज ताजी पानं द्या, आणि बाहेर आल्यावर लगेच सोडून द्या.

छोट्या चांदव्याकडे परत येते कारण मला तुमच्याकडून मदत हवीये. या मोसमात कुठलंही नारिंगी फुलपाखरू घोळीजवळ, सड्यावर, एकदांडीच्या फुलांवर दिसलं तर दोन सेकंद जास्त द्या आणि मागच्या पंखाचा फोटो घ्या, पंख उघडे असताना. फोटो हलला तरी चालेल. नेहमीच्या काळ्या टोकाच्या माद्या मला आमच्या भागात मिळतात. पण ज्या मादीच्या पुढच्या पंखाचं टोक काळं नसतं, पूर्ण नारिंगी, इनारिया म्हणतात त्या रूपाला, ते भारतात आहे पण कमी दिसतं, आणि गोव्यात मला अजून भेटलेलं नाही. पेडण्यात, काणकोणात, सत्तरीत, कुठेही कुणाला दिसलं असेल तर फोटोबरोबर गाव, तारीख आणि आसपास कुठली झाडं होती एवढं लिहून पाठवा, आणि जुने प्लेन टायगरचे फोटो फोनमध्ये पडलेले असतील ना, ते पण एकदा झूम करून बघा.